एक खडा उरला

सागाच्या एका जंगलात, दोन डोंगर जिथे एकमेकांना जवळजवळ टेकले होते तिथे, ठिपकेदार हरणांचा एक कळप राहत असे. त्या कळपाची म्होरकी होती एक वयस्क हरिणी. सगळे तिला थोरली म्हणत. रोज सकाळी थोरली पुढे आणि कळप मागे, असे सगळे दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या खिंडीतून खालच्या कुरणात चरायला उतरत आणि ऊन कलले की त्याच खिंडीतून वरच्या पठारावर मुक्कामाला परतत. पठार उघडेबोडके होते. तिथे बिबट्याला लपायला जागा नव्हती. कुरणाच्या कडेला मात्र ओढा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, उंच गवत होते. दिवस मावळल्यावर जो खाली राहिला, त्याची काही खैर नसे. म्हणून परतताना थोरली खिंडीच्या तोंडाशी थांबे आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड पाहून घेई.

कळप लहान होता तोवर एवढे पुरत असे. कोणाच्या कानाचा कोपरा फाटका आहे, कोणाच्या मानेवरचे ठिपके एकमेकांत मिसळले आहेत, कोणाचे पाडस आईच्या डाव्या अंगानेच चालते, हे सारे तिला पाठ होते. एखादे तोंड दिसले नाही की ती कळप थांबवी. "अरे, तो चिडका कुठाय? मघाशी तर बेहड्याच्या झाडाखाली होता," ती विचारी. मग कोणीतरी धावत जाई आणि चिडक्याला घेऊन येई. मोजायची कधी गरजच पडली नाही. खरे सांगायचे तर मोजता कोणाला येतच नव्हते. एक, दोन, तीन आणि त्यापुढे सगळे 'पुष्कळ', एवढेच त्या जंगलाचे गणित होते.

एका उन्हाळ्यात नदीपलीकडच्या रानात वणवा पेटला. दिवसभर तिकडून धूर येत राहिला आणि संध्याकाळी एक मोठा कळप नदी पोहून अलीकडे आला. पाडसे थरथरत होती, मोठ्यांच्या अंगाला राख लागली होती. त्यांच्यातली एक हरिणी पुढे आली आणि मान खाली घालून म्हणाली, "आमचं रान गेलं. आम्हाला तुमच्यात घ्याल का?"

"घ्याल का, असं काय विचारतेस?" थोरली म्हणाली. "कुरण मोठं आहे, पठारही मोठं आहे. आजपासून सगळी आपलीच."

बोलली ती मनापासून. पण दुसऱ्या दिवशी खिंडीच्या तोंडाशी उभी राहिली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की समोरून जाणारी निम्मी तोंडे तिला ओळखू येत नाहीत. एक गेले, दुसरे आले, तिसरे आले. आणि पहिले कसे दिसत होते तेच ती विसरली. हळूहळू सवय होईल, असे तिने स्वतःला समजावले.

सवय व्हायच्या आतच व्हायचे ते झाले. एका संध्याकाळी नदीपलीकडून आलेले एक पाडस कुरणातच राहिले. त्याच्या आईला वाटले, ते पुढे पोरांच्या घोळक्यात असेल. घोळक्याला वाटले, ते आईजवळ असेल. थोरलीच्या समोरून कळप गेला आणि तिला काहीच खटकले नाही. सकाळी करवंदीच्या जाळीजवळ गवत दबलेले सापडले, आणि त्यापुढे सापडण्यासारखे काही नव्हते.

त्या आईने आक्रोश केला नाही. ती थोरलीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणालात, सगळी आपलीच. मग आपलं एक कमी झालं, हे तुम्हाला कळलं कसं नाही?"

ते पाडस कधी आपल्या नजरेत भरले होते की नाही, हेही थोरलीला आठवेना, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागले.

त्यानंतर तिचे चरण्यात लक्ष लागेना. एका दुपारी ती खिंडीजवळच्या उंबराखाली नुसतीच उभी होती. त्या उंबरावर एक म्हातारी वानरीण आपल्या गोतावळ्यासह राहत असे. वानर आणि हरणे यांचे तसे जुने सख्य. वानरे वरून फळे पाडत, ती हरणे खात; आणि हरणांना वाघा-बिबट्याचा वास आला की ती ओरडून वानरांना सावध करत. त्या दुपारी म्हातारी वानरीण नातवंडांना उंबराची फळे वाटत बसली होती. घरात सगळे नीट जेवले की नाही हे पाहण्याची तिची एक पद्धत होती. नातवंडे जेवढी, तेवढी फळे ती आधी पुढ्यात मांडून ठेवी, मग एकेकाला हाक मारून एकेक देई. शेवटी तिच्या पुढ्यात एक फळ उरले, तशी ती एकदम ओरडली, "अरे, कोण आलं नाही? कोण लपलंय?"

बुंध्यामागून एक वानराचे पिल्लू खी खी करत बाहेर आले.

थोरलीने दचकून मान वर केली. "अगं, तुला कसं कळलं? तू तर तिकडे बघतही नव्हतीस."

"त्यात कळायचं काय?" वानरीण म्हणाली. "फळ उरलं ना!"

थोरली उरलेल्या त्या फळाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला हात नाहीत. तुला आहेत. माझ्या कळपासाठी एवढं करशील?"

खिंडीच्या तोंडाशी एक सपाट खडक होता आणि पावसाचे पाणी साचून साचून त्याला एक खळगा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वानरीण ओढ्यातले खडे गोळा करून त्या खळग्यापाशी येऊन बसली. एक हरीण खिंडीतून खाली उतरले की ती एक खडा खळग्यात टाकी. टप्! दुसरे उतरले, दुसरा खडा. टप्! मोठ्या शिंगांचा नर असो की कालपरवा जन्मलेले पाडस असो, खडा एकच आणि सारखाच. संध्याकाळी कळप परतू लागला, तेव्हा ती दर हरणामागे एकेक खडा खळग्यातून उचलून बाजूला ठेवू लागली. शेवटचे हरीण आत आले आणि शेवटचा खडा बाहेर पडला. खळगा रिकामा झाला. आकडा एकही न येता सबंध कळप मोजून झाला होता.

मुलांनो, माणसांनीही फार पूर्वी आपली गुरे अशीच मोजली, असे म्हणतात. कोणी खड्यांनी, कोणी दोरीला गाठी मारून, कोणी काठीवर खुणा करून. आज सबंध देशाची माणसे मोजायची असली तरी मोजणाऱ्यांना दारोदार जावेच लागते. युक्ती जुनीच आहे : एकाला एक. पण आपण आपल्या हरणांकडे परत जाऊ.

कळपात एक दांडगा नर होता. त्याच्या शिंगांचा साऱ्या रानात दबदबा होता. त्याला हा प्रकार मुळीच आवडला नाही.

"आम्हाला आता दगडांनी मोजणार?" तो थोरलीला म्हणाला. "कळप मायेवर चालतो थोरले, दगडांवर नाही."

ते बोलणे तिला पटण्यासारखे वाटले, आणि म्हणूनच जास्त टोचले. "माया आहेच रे," ती म्हणाली. "पण माझी माया माझे डोळे पोचतात तिथवरच पोचते. कळप आता त्याहून लांबवर गेलाय."

नर फुरफुरत निघून गेला. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी खळग्यात एक खडा उरला. थोरलीने तिथल्या तिथे कळप थांबवला. "आपापली पोरं बघा गं!" तिने हाक दिली. क्षणभर सगळीकडे हुंगाहुंगी झाली आणि एक आई किंचाळली. दोघीतिघी धावत खाली गेल्या. तिचे पाडस एका वेलीच्या गुंत्यात पाय अडकून बसले होते. भेदरलेले, पण धडधाकट. त्या रात्री पठारावर कोणी खड्यांची थट्टा केली नाही.

पुढे एकदा तर गंमतच झाली. खळगा रिकामा झाला आणि तरी समोर एक इवलेसे पाडस लटपटत्या पायांवर उभे! वानरीण खळग्यात हात घालून चाचपू लागली. "मी सकाळी ह्याचा खडा टाकलाच नाही की काय?" ती पुटपुटली. त्या पाडसाची आई लाजत म्हणाली, "कसा टाकाल? हा सकाळी नव्हताच. दुपारी झाला." सगळा कळप हसला आणि वानरिणीने दुसऱ्या दिवसासाठी ओढ्यातून एक नवा गुळगुळीत खडा वेचून आणला.

असा उन्हाळा संपला, पावसाळाही सरला. या कळपातले कोणी हरवत नाही, ही गोष्ट रानभर झाली. सांबर आले, नीलगाई आल्या. संध्याकाळी उतारावर उभे राहून ते खड्यांचा खेळ बघत. आणि सर्वांत जास्त मिरवायचा कोण, तर तोच दांडगा नर! शेवटचा खडा निघाला की तो मान ताठ करून पाहुण्यांना सांगे, "बघितलंत? खळगा रिकामा! आमच्यात रोज रिकामाच होतो." होता होता असे झाले की खळगा रिकामा झाला म्हणजे सगळे ठीक, असे सर्वांना वाटू लागले. परतताना पूर्वी हरणे एकमेकांकडे वळून बघत. आता बघेनाशी झाली. वानरीण बसली आहेच, असे म्हणून ती सरळ पठार गाठत.

थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी कुरणावर धुके उतरू लागले, म्हणून थोरलीने कळप जरा लवकरच फिरवला. दिवसभर वाऱ्यावर बिबट्याचा वास येत होता. सगळे थकले होते, पाडसे कुरकुरत होती. उतारावर एक मोठा सांबर दुरून मुद्दाम पाहायला आला होता. कळप खिंडीतून आत शिरला. शेवटचे हरीण गेले. वानरिणीने खळग्याकडे पाहिले आणि तिचा हात थांबला.

"थोरले," ती म्हणाली, "एक उरला."

थोरलीने हाक दिली, "आपापली पोरं बघा गं!"

आयांनी पोरे हुंगली. एकीचेही कमी नव्हते. मग पोरांनी आया शोधल्या. त्याही सगळ्या होत्या. नरांनी आपापले जोडीदार पाहिले. "नदीपलीकडची सगळी आलीत का?" थोरलीने विचारले. "आलीत," त्यांनी सांगितले. "आणि आपली जुनी?" "तीही आहेत."

थोरलीने पुन्हा विचारले, "कोणाचं कोण दिसत नाही? नीट बघा."

सगळ्यांची सगळी होती.

"म्हणजे वानरीण चुकली," दांडगा नर म्हणाला. उतारावरचा सांबर ऐकत होता, म्हणून त्याने आवाज जरा खाली आणला. "म्हातारी झाली बिचारी. सकाळी डुलकी लागली असेल आणि एक खडा जास्त पडला असेल."

वानरीण ओशाळली. "डुलकी लागली नव्हती," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "लागली नव्हती असं वाटतं. शपथेवर नाही सांगता येणार. सकाळी थंडी फार होती."

"झालं तर मग," नर म्हणाला. "तो एक खडा दे फेकून. खळगा रिकामा होईल आणि सगळे झोपायला मोकळे होतील."

वानरिणीने खडा उचलला. तिचा हात मागे गेला.

थोरली त्या हाताकडे पाहत होती. तिचे खूर दुखत होते. धुके वर चढत होते आणि खाली कुठेतरी बिबट्या होता. तो खडा झुडपात जाऊन पडला असता, तर कोणीही तिला बोल लावला नसता. उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. तिलाही तेच हवे होते. पण तिला एकदम वाटले, आपण विचारले ते काय विचारले? कोणाचे कोण दिसत नाही, असे विचारले. म्हणजे ज्याला कोणी आहे, त्याच्याबद्दलच विचारले.

"थांब," ती वानरिणीला म्हणाली आणि कळपाकडे वळली. "आपल्यात असं कोण आहे, ज्याला शोधणारं कोणी नाही?"

हरणे एकमेकांकडे पाहू लागली. कोणालाच काही आठवेना. थोरलीलाही आठवेना. पण असे कोणी असेलच, तर ते कोणाला आठवणार तरी कसे?

"वानरीण चुकली असेल, तर माझी एक फेरी फुकट जाईल," ती म्हणाली. "ती चुकली नसेल, तर खाली कोणीतरी आहे. तुम्ही पठारावर जा. मी बघून येते."

"एकटीच? बिबट्या आहे खाली!" नर म्हणाला.

"म्हणूनच तर जायचं."

नराने जमिनीवर खूर आपटला. मग चिडून म्हणाला, "चल. चूक झालीय हे दाखवायला तरी मला यायलाच हवं." आणि तो उतार उतरू लागला. त्याच्यामागून आणखी दोघेतिघे नर निघाले. वानरीण तो खडा मुठीत घट्ट धरून वरच्या फांद्यांवरून त्यांच्या सोबत निघाली. तिला कोणी ये म्हटले नव्हते.

कुरणावर अजून उजेड होता, पण धुक्यात तो पिठूळ झाला होता. ते बेहड्याखाली गेले, करवंदीच्या जाळ्यांभोवती फिरले. कोणी नव्हते. थोरली थांबून थांबून हाक मारत होती, नाव माहीत नव्हते, म्हणून नुसतीच "ए, कोण आहे का?" म्हणत होती. उत्तर येत नव्हते. नर दोनदा म्हणाला, "चला आता." तिसऱ्यांदा म्हणणार, तोच वानरीण वरून ओरडली, "ओढ्यात बघा! काठच्या उंबराच्या मुळीपाशी!"

ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक हाडकुळी हरिणी उभी होती. तिचा मागचा पाय जाड मुळी आणि दगड यांच्या फटीत घोट्यापर्यंत रुतला होता. तिचा एक कान जळून आखडलेला होता. थोरलीने तिला पाहिले आणि तिला ओळख पटली. म्हणजे एवढीच पटली, की हिला आपण कधीतरी पाहिले आहे. वणव्यानंतर काही दिवसांनी ही एकटीच नदी पोहून आली होती. चरायची एका बाजूला, चालायची सर्वांच्या मागे. जुन्या हरणांना वाटायचे ही नदीपलीकडच्या कळपातली, आणि त्या कळपाला वाटायचे, हिचे इथे कोणीतरी असेल.

ती हरिणी त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत होती. "तुम्ही परत आलात?" तिने विचारले. "कोणाला शोधताय?"

"तुलाच," थोरली म्हणाली.

"मला?" तिला ते खरे वाटेना. "मी नाही, हे कोणाच्या लक्षात आलं?"

थोरलीला खोटे बोलवेना. "कोणाच्याच नाही," ती म्हणाली. "एक खडा उरला होता."

हरिणी म्हणाली, "सकाळी खिंड उतरताना मी रोज कान देऊन ऐकते. माझ्यामागेही टप् असा आवाज होतो. दिवसभर तेवढं बरं वाटतं."

"अगं, पण एवढ्या हाका मारल्या मी. ओ का दिली नाहीस?"

"ऐकल्या की. पण त्या माझ्यासाठी असतील, असं वाटलं नाही."

दांडग्या नराने मान वळवली. तो खाली उतरला आणि त्या मुळीखाली शिंगे घालून जोर लावू लागला. मुळी हलली, पण फटीत काटेरी वेल गुंतली होती, ती सुटेना. ते काम हातांचे होते. वानरीण खालच्या फांदीपर्यंत आली आणि तिथेच थबकली. संध्याकाळच्या वेळी वानर जमिनीवर उतरत नाही; बिबट्या जवळ असताना तर नाहीच नाही. तिने एकदा गवताकडे पाहिले, एकदा मुठीतल्या खड्याकडे पाहिले.

"माझाच खडा आहे हा," ती पुटपुटली आणि टुणकन खाली उतरली.

ती वेल सोडवत असतानाच थोरलीने हवा हुंगली आणि पुढचा पाय जमिनीवर जोरात आपटला. ओढ्याच्या काठावर गवत हलत होते, आणि वारा पडलेला होता. त्या गवतातून दोन पिवळे डोळे त्यांच्याकडे पाहत होते. थोरलीने तोंड फिरवले नाही. ती त्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली आणि सारी ताकद लावून ओरडली. नरांनीही शिंगे तिकडे वळवली. उंबरावरून नाही, खालूनच, हातातले काम न सोडता म्हातारी वानरीणही ओरडली, "खॅक्! खॅक्!" आणि खिंडीतल्या तिच्या साऱ्या गोतावळ्याने तो आवाज उचलला.

बिबट्याची शिकार चोरपावलांची असते. आपण दिसलो आहोत आणि सगळ्या रानाला आपली जागा कळली आहे, हे त्याला पुरते उमगले. तो सावकाश उठला, जणू काही सहज बसला होता असे दाखवत त्याने अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि तो धुक्यात निघून गेला.

वेल तुटली. नराने मुळी उचलून धरली. हरिणीचा पाय मोकळा झाला. ती लंगडत होती, पण चालत होती. परतताना कोणी घाई केली नाही. नर तिच्या एका बाजूने चालला आणि थोरली दुसऱ्या बाजूने.

खिंडीच्या तोंडाशी सारा कळप वाट बघत उभा होता. पठारावर कोणी गेलेच नव्हते. उतारावरचा सांबरही तिथेच होता. तो नराला म्हणाला, "आम्ही तर ऐकलं होतं, की तुमच्यातलं कोणी हरवत नाही."

उंच मान करून बोलायची नराची सवय. पण त्याने लंगडणाऱ्या त्या हरिणीकडे पाहिले आणि साध्या आवाजात सांगितले, "हरवतं तर. पण आम्हाला कळतं." थोडे थांबून तो म्हणाला, "आज मी ते कळू देत नव्हतो."

पठारावर कळप बसला, तेव्हा ती हरिणी रोजच्या सवयीने अगदी कडेला जाऊन उभी राहिली. थोरली उठून तिच्यापाशी गेली. "इथे नको, मध्ये चल. वारा लागतो इथे," ती म्हणाली. "आणि हे बघ, खड्याने मला एवढंच सांगितलं, की एक कमी आहे. कोण कमी आहे, ते त्याला सांगता येत नाही. ते मला माहीत असायला हवं होतं. तुला काय म्हणतात?"

हरिणीला आठवायला वेळ लागला. इकडे आल्यापासून कोणी तिला हे विचारलेच नव्हते. "तिकडच्या रानात मला पांढरकानी म्हणायचे," ती म्हणाली. "पण तो कान आता राहिला नाही. म्हणणारंही कोणी राहिलं नाही."

"दुसरा कान आहे की," थोरली म्हणाली. "आणि म्हणायला आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी कुरणात ऊन पसरले होते. एक हरिणी चरता चरता मध्येच थांबली आणि तिने मान वळवून हाक मारली, "पांढरकाने, एवढी लांब काय चरतेस? इकडे ये, इथलं गवत कोवळं आहे!" आणि या वेळी ती हाक आपल्यासाठीच आहे, हे पांढरकानीला लगेच कळले.

तात्पर्य : ज्याची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात, त्याला शोधायला माया पुरते; ज्याची आठवण कोणालाच नसते, त्याच्यासाठी मोजणी असते. म्हणून मोजणी जुळली नाही, तर उरलेला खडा फेकून देऊ नये. तो कोणाचा, ते शोधायला निघावे.